सत्ताविसावं नाव

जानेवारीतल्या त्या सोमवारी सकाळी मी घसा बसल्याचं सोंग केलं. वय वर्षं शहात्तर, आणि सोंग शाळा बुडवणाऱ्या पोराचं.

"रेव्हरंड, यंदा नावं दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या," मी दोनदा खोकून म्हणाले.

रेव्हरंड साइक्स माझ्या धाकट्या लेकाच्या वयाचे, पण लबाडी ओळखण्यात मुरलेले. "सिस्टर ग्रीअर, चौतीस वर्षं तुम्हीच वाचताय. तुमचा आवाज ऐकला नाही तर लोकांना सण झाल्यासारखं वाटायचं नाही." एवढं बोलून त्यांनी होझियाला खूण केली.

होझिया मिम्सने पांढरा हातमोजा घातलेल्या बोटांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. लोकांना बाकावर बसवायचं, रडणाऱ्याला पंख्याने वारा घालायचा आणि सगळ्या दुखण्यांवर पेपरमिंट द्यायचं, हे आमच्या चर्चमध्ये त्याचं काम. एकोणऐंशी वर्षांचा आहे, पण अजून हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाही.

"चघळ, विली," तो म्हणाला. "आम्ही नऊ दिवस तुरुंगात गाणी म्हटली, आमचा घसा नाही बसला. तू तर तेव्हा मोबील शहरात आत्याकडे तापाने अंथरूण धरून होतीस."

हा टोमणा तो साठ वर्षं मारतोय आणि मी साठ वर्षं त्यावर हसतेय. त्या दिवशीही हसले आणि गोळी खिशात टाकली.

आम्हा काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या डॉक्टर किंग यांच्या नावाचा हा सोमवार सगळा देश सुट्टी म्हणून पाळतो. आमच्या कोल्स फेरी गावात सकाळी चर्चच्या तळघरात न्याहारी असते, मग वर प्रार्थनागृहात हजेरी, मग कोर्टापर्यंत मिरवणूक. खरा सण म्हणजे हजेरी. बाकीचं आपलं तोंडी लावायला.

त्रेसष्ट सालच्या ऑक्टोबरात आमची दोनशे माणसं मतदारयादीत नाव घालायला कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली होती. आदल्या आठवड्यातल्या सभेत मोठ्यांनी बजावून सांगितलं होतं: ज्यांचे आईबाप गोऱ्यांच्या जमिनीवर किंवा गोऱ्यांच्या पगारावर आहेत, त्यांनी पकडले गेल्यावर खरं नाव सांगायचं नाही. दफनभूमीत जा, आपल्या माणसाच्या दगडावरचं नाव पाठ करा. मेलेल्याला कोण कामावरून काढणार? पोलिसांनी एक्केचाळीस जणांना पकडलं आणि गोऱ्यांच्या वर्तमानपत्राने दुसऱ्याच दिवशी सगळी नावं पहिल्या पानावर छापली. कुणाला हाकलायचं ते मालकांना कळावं, म्हणून. ते कात्रण आम्ही पुठ्ठ्यावर चिकटवून जपलंय. ज्या कागदाने आम्हाला देशोधडीला लावायला नावं छापली, त्याच कागदावरून आम्ही ती मानाने वाचतो.

नाव घेतलं की जिवंत माणूस उठून 'हजर' म्हणतो. मेलेल्याच्या वतीने घरचं कुणीतरी उठतं. बारावं नाव एझ्रा टक. हा बाबा एकोणीसशे अकरा सालीच वारला, पण त्याचं नाव पुकारलं की ते उसनं घेतलेला होझिया टेचात 'हजर' म्हणतो आणि चर्चभर हशा पिकतो. ज्या नावाला कुणीच उठत नाही, त्याच्यासाठी होझिया पितळी घंटा एकदा वाजवतो.

असं नाव एकच आहे. सत्ताविसावं. ऑर्थेलिया बॅटल, वय पंधरा.

गावात तिची गोष्ट शेंबडं पोरही सांगेल. वर्गातली सर्वांत अबोल मुलगी, पण कोर्टावर गेली. पेपरात नाव आलं तसं गोऱ्या जमीनमालक ह्यूलेटने तिच्या बापाला जमिनीवरून काढलं. कापूस अजून शेतात उभा होता, आणि यांच्या खाटा, चूल, गोधड्या रस्त्यावर. कुटुंब उत्तरेला गेलं ते पुन्हा दिसलं नाही. रविवारच्या शाळेच्या खोलीला आम्ही तिचं नाव दिलंय.

या गोष्टीत चूक एकच. ऑर्थेलिया तिथे नव्हती. मी होते.

माझे वडील बँकेत झाडलोट करायचे. मी घरी न सांगता गेले होते आणि पणजीच्या दगडावरचं नाव तीन दिवस घोकून ठेवलं होतं: मिझूरी बेल. लग्नाआधी मीही बेलच. पळापळीत एका शिपायाने मानगूट धरलं आणि टेबलापुढे उभं केलं. सार्जंट दंडुका आपटून खेकसला, "नाव!" माझ्या डोक्याची पाटी कोरी झाली. शाळेत बाई रोज सकाळी हजेरी घ्यायच्या, बॅटल ऑर्थेलिया, बेल विलोडीन. आठ वर्षं रोज माझ्या नावाआधी तेच नाव कानावर पडत होतं. तेच तोंडातून गेलं. त्याने लिहून घेतलं, आणि आता बदलून सांगितलं तर मारेल म्हणून मी गप्प बसले.

सोळाच्या आतल्या मुलींना शेजारच्या काउंटीच्या तुरुंगात नेलं. आमच्या गावची मी एकटीच. परगावच्या चार मुली नऊ दिवस मला ऑर्थेलिया म्हणत होत्या, त्यातली एक रोज माझी वेणी घालायची. मी घरी आले तोवर आईने गावात मोबीलच्या आत्याची आणि तापाची थाप पसरवून ठेवली होती, आणि बॅटलांच्या खोपटात दुसरंच कुटुंब राहायला आलं होतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती, तिचा हात थांबला नाही. "त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं," ती म्हणाली. "तुझ्या बापाची नोकरी शाबूत आहे. आता मूग गिळून बस." आधी आईच्या भीतीने गप्प बसले, मग वडिलांच्या अब्रूसाठी. ती दोघं गेली तेव्हा माझी स्वतःची अब्रू तयार झाली होती. आणि इतकी वर्षं गप्प राहिलं की मूळ गुन्हा बाजूला राहतो, गप्प राहण्याचाच जाब द्यावा लागतो. नावं वाचायचं काम मी मागून घेतलं होतं. लोकांना वाटलं, केवढी हौस. मला वाटायचं, निदान तिचं नाव नीट, स्पष्ट उच्चारावं. त्यापलीकडे काही करायची माझी छाती नव्हती.

नोव्हेंबरात शाळेच्या ग्रंथालयातली जमीला माझ्या दारात नाचत आली. "मिस विलोडीन, सापडल्या! ऑर्थेलिया बॅटल जिवंत आहेत! इंडियानात, गॅरीला! मी पत्र पाठवलं, त्यांचं उत्तरही आलं."

उत्तर एका ओळीचं होतं. 'येते. हजेरीच्या वेळी मला बोलायचं आहे.'

तेव्हापासून मी धड झोपले नाही.

न्याहारीला जमीलाने तिला नेमकी माझ्या शेजारी आणून बसवली. उंच, वाळलेली बाई. राखाडी हॅट, काळी काठी, आणि मांडीवर मोठी पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तू बेल ना? बॅटल झालं की बेल. माझ्या मागच्या बाकावर बसायचीस. माझ्या वेणीला शाई लावली होतीस."

"एकदाच लावली," मी म्हणाले.

"दोनदा." ती हसली. मग तिने मक्याच्या कण्यांचा एक घास घेतला आणि डोळे मिटले. "हं. अशा हव्यात. मीठ आणि लोणी. माझा नवरा यात साखर घालायचा. त्यावरून काडीमोड घ्यायच्या बेतात होते मी."

"साखर? कण्यांत?"

"उत्तरेकडची माणसं, बाई. काय सांगायचं."

दुसरा कुठलाही दिवस असता तर मी या बाईवर जीव टाकला असता. ताटातला मासा मी नुसता चिवडत होते. तिने तो पाहिला आणि आवाज खाली आणला.

"विलोडीन, तू जन्मभर इथेच राहिलीस. एक विचारू? त्या दिवशी माझं नाव कुणी सांगितलं, कधी काही कानावर आलं?"

"म्हणजे?" मी म्हणाले. या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

"अगं, मी नव्हतेच कोर्टावर. ह्यूलेटच्या शेतात कापूस वेचत होते, अंगावर पोतं लटकवून. दुसऱ्या दिवशी डॅडींनी पेपर पुढे केला. म्हणाले, वेचताना मधेच कुठे पळाली होतीस, खरं सांग. मी म्हटलं, कुठेच नाही. त्यांनी पट्टा काढला. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं." तिने चमचा सरळ करून ठेवला. "ते म्हणाले, तू गेलीस याचं मला काही नाही, घर गेलं त्याचंही नाही. पण बापाच्या तोंडावर खोटं बोलतेस? त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. पोलादाच्या कारखान्यात कान गेले त्यांचे. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. मरायच्या दिवशी मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, डॅडी, मी नव्हते गेले. ते म्हणाले, अजून तेच का, पोरी?"

तळघरात ताटांचा, हसण्याचा, खुर्च्या सरकवण्याचा गोंधळ चालला होता. मला त्यातलं काही ऐकू येईना.

"मग आज काय करणार आहेस?" मी विचारलं.

"माझं नाव पुकारलं की उभी राहून सांगणार, मी नव्हते. मग विचारणार, कोण होतं. देवाचं घर आहे. कुणालातरी लाज वाटेल."

"आणि कुणी बोललंच नाही तर?"

"तर रात्रीच्या बसने परत. पुन्हा यायचं माझं वय नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिथे, कण्यांच्या वाडग्याशी, दोघींतच. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात जमीला कॉफी घेऊन आली, आणि मला इतकं हायसं वाटलं की माझी मलाच शिसारी आली.

वर चर्च खचाखच भरलं होतं. बायकांच्या हॅटमुळे मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. ऑर्थेलियाला पहिल्या बाकावर बसवलं होतं, तिच्यामागच्या बाकावर माझी मुलं आणि नातवंडं. मी पुठ्ठा घेऊन माइकपाशी गेले. होझिया घंटा हातात धरून भिंतीशी उभा राहिला.

"लेव्हर्न ॲडम्स," मी वाचलं.

"हजर," तिचा मुलगा म्हणाला.

मी वाचत गेले. दरवर्षी मी प्रत्येक नावानंतर मान वर करून त्या माणसाकडे बघते. त्या दिवशी मान वर होईना. बारावं नाव घेतलं. होझिया टेचात पुढे झाला, हशा पिकला, कुणीतरी ओरडलं, "एझ्राबाबा, अजून मतदान करता का?" होझिया म्हणाला, "शिकागोत करतो, तिथे मेलेलेही करतात म्हणे!" आणि चर्च पुन्हा हसलं. ऑर्थेलियाही हसली. मला मात्र फक्त संख्या दिसत होत्या. तेरा. चौदा. पंधरा.

विसाव्याच्या आसपास सैतानाने एक युक्ती सुचवली. सव्वीसनंतर सरळ अठ्ठावीस वाच. म्हणतील, म्हातारीची नजर चुकली, ओळ सुटली. पण होझिया मनात मोजत असतो. घंटा वाजवायची वर्षातली त्याची ती एकच वेळ, तो कसा विसरेल? आणि तो विसरला तरी पहिल्या बाकावरची विसरणार नव्हती. तिने पर्स उघडून आतली कसली तरी वस्तू हाताने चाचपली आणि पर्स मिटली.

तेवीस. चोवीस. माइकपाशी येताना तोंडात टाकलेली पेपरमिंटची गोळी गालात तशीच होती. मी ती गिळली आणि ती घशात अडकली. आता मात्र घसा खरंच बसला.

"रूफस कोलमन," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले. हे सव्विसावं.

"हजर," मागून एक मुलगी म्हणाली.

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ऑर्थेलिया बॅटल."

ती काठीवर भार देऊन उठली, आणि सगळं चर्चच तिच्याबरोबर उठलं. टाळ्या, शिट्ट्या, 'हालेलुया', पियानोवाल्याने हात आपटले. जमीला रडत रडत मोबाइलवर चित्रण करत होती. इतकी वर्षं घंटा ऐकलेल्या लोकांना आज माणूस दिसत होतं, त्यांचा काय दोष? ऑर्थेलियाने हात वर केला आणि शेवटची टाळी थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"मी ऑर्थेलिया बॅटल," ती म्हणाली. "आणि मी त्या दिवशी तिथे नव्हते."

कुणीतरी हसलं, गंमत वाटून. मग तेही थांबलं.

"मी शेतात होते. माझं नाव दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. ज्यांनी सांगितलं त्यांना मी दोष द्यायला आले नाही. आम्ही सगळी पोरं होतो, घाबरलेली. पण माझा बाप मला खोटारडी समजून मेला. म्हणून मी एकच विचारते. कोण होतं?"

ती बसली नाही. तशीच उभी राहिली आणि हळूहळू वळून बाकांवरून नजर फिरवू लागली. रेव्हरंड खुर्चीतून अर्धे उठले आणि काय करावं ते न कळून पुन्हा बसले. जमीलाने मोबाइल खाली घेतला होता. तिचं तोंड इतकं उतरलं होतं की मला तिचीच दया आली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या, आणि कुणीही, एकाही माणसाने, माझ्याकडे पाहिलं नाही. का पाहतील? मी मोबीलला होते.

मी कुणाला काही न सांगता अठ्ठाविसाव्या नावाला गेले असते तर आज रात्रीच्या बसने सगळं संपलं असतं. हे मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसलं. माझी नात दुसऱ्या बाकावरून माझ्याकडे बघून हसली. आजी, पुढे वाच ना, असं ते हसणं होतं.

होझियाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि घंटा उचलली. कुणी उठलं नाही तर वाजवायची, नियमच तसा.

"वाजवू नको," मी म्हणाले.

तो थांबला.

"हजर," मी म्हणाले.

माइक होता तरी ते कुणाला समजलं नाही. "सिस्टर, पुढचं नाव," रेव्हरंड हळूच म्हणाले.

"हजर," मी पुन्हा म्हणाले. "मोबीलला मला आत्या नाही, होझिया. कधीच नव्हती. मी त्या दिवशी कोर्टावर होते. सार्जंटने नाव विचारलं आणि मी हिचं सांगितलं. नऊ दिवस मी ऑर्थेलिया बॅटल होते. बाहेर आले आणि पुन्हा विलोडीन झाले. हिला मात्र तसं होता आलं नाही."

होझियाने घंटा खाली ठेवली. ती फरशीला लागून जराशी वाजलीच. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि पाहायला नको होतं असं वाटलं. साठ वर्षांचे सगळे टोमणे त्याला एकदम आठवले असावेत. माझ्या लेकाने मान खाली घातली होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे देवा," आणि कुणीतरी त्याला "श्श" केलं.

ऑर्थेलिया निघाली. काठी टेकत, पायरी चढून, सरळ माझ्या दिशेने. रेव्हरंड मधे येऊ पाहत होते, तिने काठीनेच त्यांना बाजूला केलं. मला वाटलं, ही आता मला मारणार. आणि खरं सांगते, मारावं असंच वाटलं. ती माझ्यासमोर येऊन थांबली. एवढ्या जवळ की तिच्या श्वासाला कॉफीचा वास येत होता.

"न्याहारीला मी तुला विचारलं," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालीस, म्हणजे?"

"हो."

मग तिने पर्स उघडली. आतून एक जुनी, घड्या पडलेली पुस्तिका काढली. आमच्याकडे अंत्ययात्रेच्या वेळी वाटतात तसली. मुखपृष्ठावर चर्चच्या कारभाऱ्याच्या काळ्या कोटातला, ताठ मानेचा माणूस. क्लीव्ह बॅटल, तिचे वडील. मी त्यांना ओळखलं. शाळेच्या वाटेवर ते आम्हा पोरींना टोपी काढून 'लेडीज' म्हणायचे.

तिने ती पुस्तिका कात्रणाच्या पुठ्ठ्याला टेकवून उभी केली, चेहरा माझ्याकडे करून.

"त्यांना कमी ऐकू यायचं," ऑर्थेलिया म्हणाली. "सांग त्यांना. जोरात."

मी माइक बाजूला सारला. चौतीस वर्षं ज्या आवाजात नावं वाचली, तो आवाज घशातून कसाबसा ओढून काढला.

"मिस्टर बॅटल," मी म्हणाले, "तुमची पोर खरं बोलत होती."